नुकसानीची पाहणी आणि पंचाची सही

सन २०२५ च्या सप्टेंबर महिन्यात सीना नदीस जो पूर आला त्याची वार्ता आमच्या वाचकांपैकी बहुतेकांस ठाऊक आहे, आणि कित्येकांनी तर तो आपल्या अंगणात उभे राहून पाहिला. माढा, मोहोळ, करमाळा ह्या तालुक्यांत, आणि पलीकडे परंडा व भूम ह्या भागांत, नदीने काठ सोडला, उभी पिके पाण्याखाली गेली, आणि जेथे पिढ्यान्‌पिढ्या माती होती तेथे नुसते दगडगोटे राहिले. त्यानंतर काही आठवड्यांनी सीनेकाठच्या एका गावी राहणाऱ्या आमच्या एका उपदेशक बंधूंचे पत्र आम्हांस खडकीस आले. त्यात पुराचे वर्णन थोडे आणि एका सहीची कथा फार होती. आम्ही ते दोनदा वाचले व उत्तर लिहावयास बसलो. परंतु उत्तर इतके लांबत गेले की ते सर्वच वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटले. आमच्या बंधूंची त्यास संमती आहे.

हकिकत अशी. त्यांच्या शेजाऱ्याचे दीड एकर सोयाबीन आहे. पाणी शेतात दोन दिवस उभे राहिले व मग ओसरले. झाडे वाहून गेली नाहीत, उभीच होती. परंतु खालच्या शेंगा काळ्या पडल्या आणि काहींस कोंब फुटले. नुकसानीचा पंचनामा करावयास मंडळी आली. पंच म्हणून सही करण्यास लिहितावाचता मनुष्य हवा, म्हणून आमच्या बंधूंस बोलाविले. कागदावर नाव, गट क्रमांक, क्षेत्र, पीक हे सर्व भरले गेले, आणि नुकसानीच्या टक्केवारीपाशी येऊन लेखणी थांबली. ‘मास्तर, तुम्ही गावचे, तुम्हीच सांगा,’ असे म्हणण्यात आले. शेजारी जवळच उभा होता. तो हळूच म्हणाला, ‘मास्तर, दोन आकडं वर लिहिलं तर सरकारचा खजिना आटणार हाय व्हय? चाळीस लिवा.’

आमचे बंधु शेतात उतरले. चार कोपऱ्यांची व मधली अशी पाच ठिकाणची झाडे त्यांनी उपटली, शेंगा मोजल्या, आणि शंभरांत अठ्ठावीस खराब निघाल्या. त्यांनी अठ्ठावीस हा आकडा सांगितला व सही केली. त्या दिवसापासून शेजारी त्यांच्याशी बोलत नाही. ‘आम्ही बरे केले की वाईट केले?’ एवढाच त्यांचा प्रश्न आहे.

ज्या वाचकांस सरकारी नियम ठाऊक नाहीत त्यांस अठ्ठावीस आणि चाळीस ह्यांतील भेद समजावयाचा नाही, म्हणून तो आधी सांगतो. पीक तेहतीस टक्के किंवा त्याहून अधिक गेले असेल तरच आपत्तीची मदत मिळते. बत्तीस टक्के गेले तर काही नाही. केंद्र सरकारने २०२२ ते २०२६ ह्या काळासाठी जे दर ठरविले त्यांप्रमाणे कोरडवाहू पिकास हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीस १७,००० व बहुवार्षिक पिकांस २२,५०० रुपये, आणि तेही दोन हेक्टरांच्या मर्यादेत. दीड एकर म्हणजे साठ गुंठे. त्याची मदत सुमारे ५,१०० रुपये होते, म्हणजे गुंठ्यास पंच्याऐंशी. बी, खत व मजुरी ह्यांचा खर्च ज्याने केला आहे त्यास हे पुरेसे नाही, हे सांगावयास नको. परंतु सावकार दारात उभा असता पाच हजार ही रक्कम लहान नसते. आणि पुढे ७ ऑक्टोबर रोजी राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांच्या मदतीची घोषणा केली, मर्यादा तीन हेक्टरांची केली, व रब्बीच्या बियाण्यांकरिता हेक्टरी १०,००० रुपये आणखी देऊ केले. म्हणजे आमच्या बंधूंनी सही केली तेव्हा त्या अठ्ठाविसाची किंमत पाच हजार होती, आणि पंधरवडा उलटण्यापूर्वीच ती अकरा हजार झाली. शेजाऱ्याची बायको त्या दिवशी त्यांच्या दारी येऊन काही न बोलता परत गेली, असे त्यांनी लिहिले आहे.

आता ह्या प्रश्नास झटपट उत्तर देणे सोपे आहे. खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा आपल्या मुलांनाही पाठ असते, आणि ती म्हणून दाखवून आम्ही पत्र बंद करू शकलो असतो. परंतु ज्यास आज्ञा ठाऊक आहे, ज्याने ती पाळली आहे, आणि तरीही ज्यास झोप येत नाही, त्यास तीच आज्ञा पुन्हा ऐकविणे हे उत्तर नव्हे.

शेजाऱ्याच्या बाजूने जे बोलता येते ते आधी पुरते बोलू. गावोगाव ते ऐकू येते, आणि त्यात अगदीच अर्थ नाही असे नाही. पहिले म्हणणे असे की, सरकारचा पैसा कोणाचाच नव्हे. हे तर उघडच चुकीचे आहे. आपत्तीच्या निधीत केंद्राचा वाटा मोठा व राज्याचा लहान असतो खरा, पण दोघांच्याही तिजोरीत पैसा येतो तो बाजारात साबणाची वडी विकत घेणाऱ्या मोलकरणीच्या हातूनही येतो. ह्यावर अधिक लिहीत नाही.

दुसरे म्हणणे अधिक वजनदार आहे. तेहतीस ही रेषा देवाने आखलेली नाही, असे लोक म्हणतात. बत्तीस टक्के पीक गेलेला मनुष्य काय सुखी असतो? ज्याचे पाच एकरांतले बत्तीस टक्के गेले त्याची हानी, ज्याचे एका एकरातले चाळीस टक्के गेले त्याच्या हानीहून कितीतरी अधिक. तरी एकास मदत व दुसऱ्यास नाही. हे म्हणणे आम्ही नाकारीत नाही. रेषा ही नेहमी कोणावर तरी अन्याय करते. परंतु ह्याच रेषेचा इतिहास पाहा. २०१५ सालापर्यंत ती पन्नासावर होती. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात अवकाळी पावसाने व गारांनी उत्तर हिंदुस्थानातील व आपल्याकडील उभी पिके झोडपली, जिकडेतिकडे ओरड झाली, आणि एप्रिलमध्ये पंतप्रधानांनी ती पन्नासावरून तेहतिसावर आणली. जी रेषा माणसाने आखली ती माणसास पुसता येते. पण ती उघड बोलण्याने पुसली जाते. ज्या गावाने सव्वीसाच्या जागी चाळीस लिहिले त्या गावाने ही रेषा अन्यायाची आहे असे सरकारास कधीच सांगितले नाही. कागदावर तर त्या गावात सव्वीस टक्क्यांचा मनुष्यच नाही! जो अठ्ठावीस लिहितो तोच अठ्ठावीस टक्क्यांच्या माणसाची साक्ष मागे ठेवतो.

येथे आम्हांस खेडा जिल्ह्याची गोष्ट आठवते. १९१७ साली तेथे पाऊस अति झाला व उशिरापर्यंत पडत राहिला, आणि खरिपाचे पीक बुडाले. तेव्हाच्या नियमाप्रमाणे पीक चार आण्यांच्या आत आले, म्हणजे सोळा आण्यांचा चौथा हिस्साही आले नाही, तर त्या वर्षीचा सारा तहकूब व्हावयाचा. रयत म्हणे पीक चार आण्यांच्या आत आहे. अधिकारी म्हणत ते वर आहे. सर्व भांडण पाहणीचे होते. पुण्याच्या भारत सेवक समाजाचे देवधर, जोशी व ठक्कर तेथे चौकशीस गेले; गांधीजी व त्यांचे सोबती गावोगाव फिरले. निःपक्ष चौकशी नेमा अशी मागणी झाली. ती मानली गेली नाही, तेव्हा मार्च १९१८ मध्ये नडियाद येथे सत्याग्रह सुरू झाला. आमच्या मनात जी गोष्ट राहिली आहे ती त्या लढ्यातील प्रतिज्ञेची. तीत असे एक कलम होते की, सरकार गरिबांचा सारा तहकूब करील तर आम्हांपैकी ज्यांस देण्याची ऐपत आहे ते आपला सारा भरतील. विचार करा! आमची सर्वांचीच दैना झाली आहे असे ते म्हणाले नाहीत. आमच्यांत काही देऊ शकणारे आहेत हे त्यांनी कागदावर मान्य केले, आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, त्यांच्या म्हणण्यास वजन आले. आणेवारी पुढे दशमान नाणी आल्यावर पैसेवारी झाली, आणि ती आजही आपल्या गावांत निघते. पण पाहणीवर विश्वास कोणी व कशाच्या जोरावर ठेवावा हा प्रश्न तेव्हा होता तसाच आहे.

तिसरे म्हणणे, ‘सगळेच करतात.’ ह्यास उत्तर म्हणून दूर जावयास नको. २०२३ च्या खरिपापासून आपल्या राज्यात एका रुपयात पीक विमा मिळू लागला. तो गरीब शेतकऱ्यास केवढा मोठा आधार होता! परंतु जी जमीन आपली नाही तिच्यावर, जे पीक पेरलेच नाही त्याचा विमा उतरविलेले अर्ज मोठ्या संख्येने सापडले. २०२५ च्या खरिपापासून ती योजना बंद झाली. कारणे आणखीही होती, पण हे एक होते ह्यात शंका नाही. त्याच वर्षी विम्यातून स्थानिक आपत्तीचे कलमही गेले. म्हणजे एखाद्याचेच शेत बुडाले तर बहात्तर तासांत कळवून आपल्या शेतापुरती भरपाई मागण्याची जी सोय होती ती राहिली नाही, आणि सर्व काही मंडळातील पीक कापणी प्रयोगांवर ठरू लागले. आणि त्याच वर्षी सीनेस पूर आला. ज्यांनी खोटे अर्ज केले त्यांतील कितीजण सीनेकाठचे होते कोण जाणे. ज्यांची शेते बुडाली त्यांतील बहुतेकांनी तसे काहीच केले नसेल. खोट्याची किंमत बहुधा दुसराच भरतो.

चौथे म्हणणे असे की, पाहणी करणारेच कोठे खरे करतात? चावडीत बसून पंचनामे लिहिले जातात, सरपंचाच्या वस्तीवरचे शेत आधी पाहिले जाते, ओढ्यापलीकडचे राहून जाते. हे आम्हीही पाहिले आहे. पण येथे आम्हांस अधिकाऱ्यांच्या बाजूनेही एक शब्द बोलू द्यावा. तलाठी, ज्यास आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्याच्याकडे पुष्कळदा एकाहून अधिक गावे असतात. कृषि खात्याचा मनुष्य आणि ग्रामपंचायतीचा मनुष्य असे तिघे मिळून पाहणी करतात. वरून हुकूम येतो की आठवड्यात सर्व पंचनामे पुरे करा, आणि रस्त्यावर अजून गुडघाभर चिखल असतो. प्रत्येक बांधावर जाणे त्यांस मनात असूनही होत नाही. २०२५ च्या पुरात मोबाइलवर काढलेली छायाचित्रेही चालतील असे सरकारने सांगितले, ते ह्याच अडचणीमुळे. तेव्हा अधिकारी जेथे पोचत नाही तेथे पंच हाच सरकारचा डोळा होतो, आणि तोच शेतकऱ्याचीही जीभ होतो. पंच हा शब्दच पाहा. पाचांनी एकत्र पाहिले व एक सांगितले, असा त्याचा अर्थ. न पाहता सही करणारा पंच हा, आकडा खरा निघाला तरी, खोटाच साक्षीदार होय. त्याचा खरेपणा हा अपघात आहे.

ह्यावरून आम्ही आमच्या बंधूंस प्रथम असे लिहिले की, आपण शेतात उतरलात व शेंगा मोजल्यात, हे पंचाचे काम आपण केलेत, आणि दयेच्या पोटी आकडा फुगविला नाहीत हे बरे केलेत. दया दाखवावयाची तर ती आपल्या खिशातून दाखवावी. साक्षीच्या कागदावर दुसऱ्याच्या पैशाने दाखविलेली दया स्वस्त असते. शेजाऱ्यास रब्बीच्या ज्वारीचे बियाणे आपण देऊ शकता काय, मंडळी देऊ शकेल काय, तेही विचारा असे आम्ही लिहिले.

परंतु पत्र पाठविण्यापूर्वी आमचे मन एका ठिकाणी अडले. शेंगा मोजल्या त्या कशा मोजल्या? वरून पाहून, की फोडून? आम्ही स्वतः शेतकऱ्याच्या घरी जन्मलो. आज खडकीत मुळेच्या काठी राहतो, जेथली शेते केव्हाच घरांखाली गेली आणि नदीस पूर आला म्हणजे लोक होळकर पुलावर उभे राहून तो केवळ पाहतात. पण लहानपणी भिजलेल्या पिकाची रास आम्ही हातांत घेतली आहे. पाण्यात उभ्या राहिलेल्या शेंगेचे टरफल वरून बरे दिसते आणि आत दाणा डागळलेला असतो. तेव्हा आम्ही पत्राखाली चार ओळी वाढविल्या: ज्या बहात्तर शेंगा आपण चांगल्या म्हणून बाजूस ठेवल्या त्या आपण फोडून पाहिल्या होत्या काय? कारण अधिक लिहिण्याची भीती बाळगणे हे एक, आणि खरे लिहिणे हे दुसरे. खोटे बोलण्याचे भय ज्यास फार असते तो कधीकधी दुसऱ्या बाजूस झुकतो, कमी लिहून सुरक्षित होतो, आणि त्यासच खरेपणा समजतो. कमी लिहिल्याबद्दल पंचास कोणी विचारीत नाही. चौकशी होते ती अधिक लिहिल्याची. म्हणून प्रामाणिक माणसाचा हात जड होण्याचा धोका असतो, आणि त्याचा भार गरिबावर पडतो.

हेच आणखी एका गोष्टीविषयी. पाहणी म्हणजे केवळ पिकाची नव्हे. शेतात तीन इंचांहून अधिक वाळू किंवा गाळ बसला असेल तर तो काढण्यास २०२२ ते २०२६ ह्या काळाच्या दरांत हेक्टरी १८,००० रुपयांची तरतूद आहे; नदीने पात्र बदलून जमीनच खरडून नेली असेल तर अल्पभूधारकास हेक्टरी ४७,००० रुपये. पुष्कळ पंचनाम्यांत पीक लिहिले जाते व जमीन राहून जाते. पीक एका हंगामाचे, माती तर नातवंडांची. पण उभे सोयाबीन डोळ्यांस दिसते आणि गेलेली माती दिसत नाही. जे उरले आहे त्यावरून जे गेले त्याची साक्ष द्यावयाची, हे ह्या कामातील सर्वांत कठीण कर्म आहे. बांधावरचा जुना दगड आता किती वर दिसतो, विहिरीच्या कडेची माती कोठवर होती, हे गावच्या माणसासच सांगता येते, परगावच्या अधिकाऱ्यास नव्हे.

आणि ज्याचे नाव कागदावर येतच नाही त्याचे काय? आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ बांधव दुसऱ्याचे शेत बटईने किंवा खंडाने करतात. तोंडी बोली असते, लिहून कोणी देत नाही, कारण कुळाचा हक्क लागेल ही धास्ती मालकास १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनापासून आजतागायत आहे. मदत जाते ती सातबारावर नाव असलेल्या माणसाच्या खात्यात. बी बटईदाराचे, घाम बटईदाराचा, पूर बटईदाराच्या पिकावर, आणि पैसे पुण्यामुंबईस नोकरी करणाऱ्या मालकास. येथे पंचाने काय करावे? कागदात बटईदाराचा रकाना नाही, आणि नसलेल्या रकान्यात त्यास लिहिता येत नाही. तथापि चार माणसांदेखत मालकास विचारता येते की, ‘शेत कोण करतो? मदत आल्यावर त्याचा वाटा काय?’ ह्या प्रश्नास कायद्याचे बळ नाही. पण चार माणसांपुढे दिलेला शब्द गावात सहसा मोडत नाही, आणि मोडला तर तो गाव विसरत नाही. आमच्या मते ज्या मालकाने पीक स्वतः केले नाही व मदत मात्र पूर्ण ठेवून घेतली, त्याचा पंचनामा अक्षरशः खरा असला तरी त्याचे वर्तन खरे नव्हे. आणि हे आम्ही आमच्याच मंडळीतील काही खातेदारांस उद्देशून लिहीत आहोत, हेही सांगून टाकतो.

आमच्या बंधूंचे दुसरे पत्र दिवाळीनंतर आले. आमच्या चार ओळी त्यांस लागल्या होत्या. त्यांनी शेंगा फोडल्या नव्हत्या. शेजाऱ्याची मळणी झाली तेव्हा ते आपण होऊन खळ्यावर गेले. रास पाहिली तो दाणा पुष्कळ काळवंडलेला. व्यापाऱ्याने निवडून निम्मा माल पडत्या भावाने मागितला. ते लिहितात, ‘आम्ही मोजले ते टरफल.’ आम्हांस हे वाचून वाईट वाटले, पण आश्चर्य वाटले नाही. आता अठ्ठावीस खरे होते की पस्तीस, हे निश्चित सांगणारा कोणी उरला नाही. पीक कापले गेले, शेत नांगरले गेले.

मग त्यांनी एक गोष्ट केली. आपण पाहणी अपुरी केली, शेंगा फोडून पाहिल्या नाहीत, आणि मळणीच्या वेळी दाणा असा असा दिसला, एवढेच आपल्या हाताने लिहून त्याखाली सही केली. आकडा बदलून लिहिला नाही. कारण नवा आकडा त्यांस ठाऊक नव्हता. व्यापाऱ्याची पावती त्यास जोडली, आणि फेरपाहणीच्या अर्जासह तो कागद घेऊन ते तहसील कचेरीस गेले. शेजारी बरोबर होता. एसटीत दोघे शेजारी बसले, पण जाताना बोलणे झाले नाही. येताना, ज्वारीची पेर कधी करावी एवढ्यापुरते झाले. अर्ज टपालात घेऊन त्याची पोच मिळाली आहे. पीक उभे नसता आता पाहावयाचे काय, असे तेथील कारकुनाने विचारले, आणि त्याचे विचारणे अगदीच गैरवाजवी होते असे आमचे बंधु म्हणत नाहीत.

हे लिहीपर्यंत अर्जाचे उत्तर आलेले नाही.